परमपदाचे दार : श्रीरामानुजाचार्यांचे चरित्र

दिवंगत माणसाच्या नावामागे कै. हे अक्षर लावण्याचा आपला प्रघात जुना आहे. देवळाच्या सभामंडपातील देणगीदारांच्या फरशा वाचीत गेले तर ते पावलोपावली आढळते. वारकरी घराण्यांत त्याच जागी वै. लिहितात. एक अक्षर त्या जीवाला कैलासाला पोहोचवते, दुसरे वैकुंठाला. लिहिणाऱ्याच्या मनात त्या वेळी फार विचार असतो असे नाही. पण एका अतिगहन प्रश्नाचे उत्तर त्याने गृहीत धरलेले असते. देह सुटल्यावर जो जीव पुन्हा जन्माला येत नाही, तो राहतो कोठे?

ह्या प्रश्नाला आपल्या देशात नाना उत्तरे दिली गेली. अद्वैती म्हणतो, घट फुटला की घटातले आकाश महाकाशात असतेच, जाणे-येणे कसले? शैवांचा कैलास, वैष्णवांचे वैकुंठ, कृष्णोपासकांचे गोलोक ही उत्तरे भक्तांची. आपल्या शेजारी राहणाऱ्या जैन कुटुंबांना विचारले तर ती सिद्धशिलेचे नाव सांगतील. लोकाच्या अगदी माथ्यावर, उलट्या धरलेल्या छत्रासारखी, पंचेचाळीस लक्ष योजने विस्ताराची ती शुभ्र भूमी. तिच्याही वर, लोकाच्या अंतिम टोकाला, मुक्त झालेले सिद्ध अनंत ज्ञानात व अनंत सुखात कायमचे स्थिर असतात. चिखलाचा लेप धुऊन गेलेला भोपळा जसा पाण्यातून आपोआप वर येतो, तसा कर्माचा लेप गेलेला जीव स्वभावानेच वर जातो, असा दृष्टांत त्यांचे ग्रंथ देतात. प्रथम तीर्थंकर ऋषभदेव ज्या अष्टापद पर्वतावर निर्वाणाला गेले, तो कैलासच होय असे जैन परंपरा मानते. म्हणजे आपले कै. हे अक्षर त्यांनाही अगदीच परके नाही.

ज्या महापुरुषाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, त्याने परमपदाविषयी विस्ताराने लिहिले. पण त्याच्या आयुष्याला वळण लावणारा प्रश्न थोडा निराळा होता. परमपद कोठे आहे यापेक्षा ते कोणासाठी आहे, त्याचे दार कोणाला उघडते, हा त्याचा खरा ध्यास होता. तो महापुरुष म्हणजे भगवान श्रीरामानुजाचार्य.

परंपरेप्रमाणे आचार्यांचा जन्म इ. स. १०१७ मध्ये, चैत्र मासी, आर्द्रा नक्षत्रावर, कांचीपासून जवळच असलेल्या श्रीपेरुंबुदूर येथे झाला. पिता केशव सोमयाजी, माता कांतिमती. मामा श्रीशैलपूर्ण हे तिरुमलै येथे व्यंकटेशाच्या सेवेत असत. त्यांनीच भाच्याचे नाव लक्ष्मण ठेविले. परंपरा आचार्यांना एकशेवीस वर्षांचे आयुष्य देते. आधुनिक संशोधकांपैकी अनेकांना हा काळ इतका लांब वाटत नाही आणि ते जन्मवर्ष बरेच पुढे आणतात. पुढील कथेला त्याने बाध येत नाही.

लग्न झाल्यावर लक्ष्मण अध्ययनासाठी कांचीस आला व यादवप्रकाश नावाच्या विख्यात वेदांत्याजवळ शिकू लागला. गुरुशिष्यांचे फार दिवस जमले नाही. छांदोग्य उपनिषदात परमात्म्याच्या नेत्रांना जी उपमा दिली आहे, तिच्यातील एका शब्दाचा अर्थ गुरूंनी माकडाच्या पार्श्वभागाशी जोडला. त्या वेळी गुरूंच्या अंगाला तेल चोळीत बसलेल्या शिष्याच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले, आणि सूर्यकिरणांनी उमललेले कमळ असा अर्थ त्याच शब्दातून त्याने काढून दाखविला. वैर वाढत गेले. काशीयात्रेच्या निमित्ताने वाटेत ह्या शिष्याचा काटा काढावा असा बेत झाला. मावसभाऊ गोविंद याने सावध केल्याने विंध्याच्या अरण्यातून तो निसटला. एका व्याध दांपत्याने त्याला वाट दाखवून कांचीच्या वेशीपर्यंत आणून सोडले. ते जोडपे म्हणजे साक्षात वरदराज व लक्ष्मी, असे भक्त मानतात. ह्याच यादवप्रकाशांनी पुढे उतारवयात आपल्या ह्या शिष्याचेच शिष्यत्व पत्करले, ही गोष्ट दोघांच्याही मोठेपणाची आहे.

कांचीत त्या काळी कांचीपूर्ण नावाचे एक भक्त वरदराजाला पंख्याने वारा घालण्याची सेवा करीत. ते ब्राह्मण नव्हते. देव त्यांच्याशी बोलतो अशी लोकांची श्रद्धा होती. रामानुजांना त्यांचा प्रसाद हवा होता, म्हणून त्यांनी कांचीपूर्णांना घरी जेवावयास बोलाविले. आचार्य बाहेर गेले असता पाहुणे आले. पत्नीने त्यांना वाढले, पान उचलून टाकले, जागा सारवली आणि स्वतः स्नान केले. घरी परतल्यावर आचार्यांना सर्व समजले. त्या बाईंना दोष देण्याचे कारण नाही. त्या वेळी, आणि नंतरही कित्येक शतके, आपल्याकडील बहुतेक घरांत हेच झाले असते. पण ज्याच्या हातून वारा घेताना देवाला विटाळ होत नाही, त्याच्या उष्ट्या पानाने आपले घर मात्र विटाळते, हा विरोध रामानुजांच्या मनातून कधीच गेला नाही.

ह्याच कांचीपूर्णांच्या तोंडून वरदराजाने रामानुजांच्या सहा शंकांचे समाधान केले, असे संप्रदायाचे ग्रंथ सांगतात. त्यांतील दोन उत्तरे आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहेत. एक असे की, शरणागताला मोक्ष मिळतो तो देह पडल्यावर. दुसरे असे की, शरण आलेल्याने अंतकाळी देवाचे स्मरण केलेच पाहिजे अशी अट नाही. मरणाच्या वेळी मुखात नाम यावे म्हणून सामान्य माणूस आयुष्यभर धास्तावलेला असतो. शेवटच्या आजारात ज्याची वाचा गेली, शुद्ध गेली, त्याच्या घरच्यांना हीच काळजी पोखरते. शुद्धीवर असताना ज्याने एकदा स्वतःला देवाच्या हाती दिले, त्याची आठवण शेवटच्या क्षणी देव ठेवील, असा दिलासा ह्या उत्तरात आहे.

श्रीरंगम येथे तेव्हा यामुनाचार्य हे वैष्णवांचे अग्रणी होते. रामानुजांना आपल्यामागे गादीवर आणावे म्हणून त्यांनी आपले शिष्य महापूर्ण यांना कांचीस पाठविले. दोघे घाईने निघाले. परंतु ते कावेरीतीरी पोहोचले तेव्हा यामुनाचार्यांचा देह अंत्यविधीसाठी ठेविलेला होता. उजव्या हाताची तीन बोटे मिटलेली होती. रामानुजांनी तीन प्रतिज्ञा उच्चारल्या आणि एकेक बोट उघडत गेले, अशी कथा आहे. ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहीन, पराशर व व्यास ह्यांची नावे चालवीन, आणि नम्माळवारांच्या तमिळ वाणीचा महिमा जगापुढे आणीन, अशा त्या प्रतिज्ञा होत. नम्माळवार हे शूद्र मानल्या गेलेल्या कुळातले. त्यांची वाणी वेदांच्या पंक्तीस बसविण्याचे काम एका ब्राह्मण आचार्याने व्रत म्हणून अंगावर घेतले, हे येथे ध्यानात ठेवावे.

महापूर्णांकडून दीक्षा झाली. घरातील खटके मात्र थांबेनात. महापूर्णांच्या पत्नीशी विहिरीवर पाण्यावरून भांडण झाले तेव्हा गुरू न सांगता निघून गेले, आणि रामानुजांनी वरदराजासमोर संन्यास घेतला. पुढे श्रीरंगमच्या मंदिराची व्यवस्था त्यांच्या हाती आली.

आता त्यांच्या आयुष्यातील त्या प्रसंगाकडे येऊ, ज्यामुळे त्यांचे नाव घराघरात पोहोचले. तिरुक्कोट्टियूर येथे गोष्ठीपूर्ण नावाचे आचार्य राहत. अष्टाक्षर मंत्राचे रहस्य त्यांच्याजवळ होते. रामानुज ते मागण्यासाठी श्रीरंगमहून पायी गेले; गोष्ठीपूर्णांनी परत पाठविले. पुन्हा गेले, पुन्हा परत. असे अठरा वेळा झाले. अखेर रहस्य मिळाले ते शपथ घेऊनच: अनधिकाऱ्याला सांगितल्यास नरक. दुसऱ्याच दिवशी रामानुज गावच्या देवळाच्या गोपुरावर चढले, उत्सवासाठी जमलेल्या लोकांना त्यांनी हाक मारली आणि सर्वांच्या कानी पडेल अशा आवाजात ते रहस्य उघड केले. गुरू संतापले. शपथ मोडल्याचे फळ काय, ते ठाऊक आहे ना, असे त्यांनी विचारले. रामानुजांनी शांतपणे कबूल केले की नरक ठाऊक आहे. पण इतके जीव वैकुंठाला जाणार असतील तर एकट्याने नरकात जाण्यास आपली हरकत नाही. गोष्ठीपूर्णांनी त्यांना मिठी मारली.

कथेचे तपशील ग्रंथागणिक बदलतात. ऐकणारे कोण होते, कोणता मंत्र, कोणत्या उंचीवरून, यांविषयी मतभेद आहेत. परंतु प्रसंगाचा गाभा सर्वत्र एकच आहे, आणि तो आपण वाटतो तितका गोड नाही. शपथ मोडणे हे रामानुजांच्या दृष्टीने खरेखुरे पाप होते. नरक ही त्यांच्या लेखी अलंकारिक भाषा नव्हती. ज्याचा नरकावर विश्वास नाही त्याने असे बोलणे सोपे आहे. रामानुजांचा विश्वास पुरेपूर होता. परमपदाच्या शोधात निघालेल्या माणसाने ते परमपदच पणाला लावले.

त्यानंतरच्या अनेक कथा ह्याच एका सूत्रावर ओवलेल्या आहेत. स्नानाला कावेरीवर जाताना आचार्य ब्राह्मण शिष्य दाशरथीच्या खांद्यावर हात ठेवीत. स्नान करून येताना धनुर्दासाच्या खांद्यावर. धनुर्दास हा उरैयूरचा मल्ल, जातीने शूद्र. बायकोच्या डोळ्यांवर तो इतका लुब्ध की भर रस्त्यात तिच्यावर छत्री धरून चाले. आचार्यांनी त्याची टर उडविली नाही. याहून सुंदर डोळे दाखवितो म्हणून त्याला रंगनाथासमोर नेले, आणि तो तेथलाच झाला. स्नानानंतर शूद्राचा स्पर्श कसा चालतो, असा प्रश्न लोक करीत राहिले.

तिरुमलैच्या पायथ्याकडे दही-ताक विकणाऱ्या एका बाईची गोष्ट तर आपल्या गवळणींत शोभावी अशी आहे. तिने आचार्यांच्या मंडळींना दही दिले आणि पैशाऐवजी मोक्ष मागितला. तो देणारा वर डोंगरावर आहे असे तिला सांगण्यात आले. तेव्हा तिने व्यवहारी माणसाप्रमाणे चिठ्ठी मागितली. आचार्यांनी खरोखरच व्यंकटेशाच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. ती देवाच्या पायांशी ठेवली गेली आणि त्या बाईला मुक्ती मिळाली. दुकानदाराने दुकानदाराला द्यावी तशी ही चिठ्ठी वाचकाला हसू आणील. पण शरणागतीचा सगळा सिद्धांत तिच्यात उतरला आहे.

तो सिद्धांत पंडितांपुढे मांडण्याचे कामही झालेच पाहिजे होते. ब्रह्मसूत्रांवरील बोधायनाची जुनी वृत्ती पाहण्यासाठी आचार्य कुरेश ह्या शिष्याला घेऊन काश्मीरपर्यंत गेले. ग्रंथ थोडेच दिवस हाती राहिला. कुरेशाने तेवढ्या अवधीत तो मुखोद्गत केला, असे सांगतात. श्रीभाष्य लिहून घेताना लेखणी कुरेशाच्याच हाती होती, आणि एक करार होता: पटले नाही तर त्याने लिहिणे थांबवावे. एके दिवशी आचार्यांनी जीवाचे लक्षण सांगताना त्याला केवळ ज्ञाता म्हटले. लेखणी थांबली. आचार्य रागावले, पायाने दूर लोटले. कुरेश हलला नाही. नंतर विचार करता आचार्यांच्या ध्यानात आले की, जीव हा आधी भगवंताचा आहे, मग ज्ञाता आहे, ही गोष्टच आपण वगळली होती. चूक दुरुस्त झाली आणि लेखणी पुढे चालू लागली.

हा बारकावा पंडिती काथ्याकूट नव्हे. मुक्त झाल्यावर जीवाचे काय होते, ते ह्यावरच ठरते. रामानुजांच्या मते मुक्त जीव विरून जात नाही. देहातून बाहेर पडल्यावर तो ज्योती, दिवस, शुक्लपक्ष, उत्तरायण, संवत्सर, सूर्य, चंद्र, विद्युत अशा टप्प्यांनी अर्चिरादी मार्गाने जातो. विरजा नदी ओलांडतो. आणि जेथून परत येणे नाही अशा परमपदी पोहोचतो. तेथे त्याला भगवंतासारखाच आनंद मिळतो. जगाची उत्पत्ती-स्थिती-लय करण्याचे सामर्थ्य तेवढे त्याला नसते. आणि तेथे तो करतो काय? सेवा. आचार्यांच्या तीन गद्यांपैकी वैकुंठगद्य ह्या छोट्या रचनेत त्या स्थानातील उद्याने, रत्नमंडप, शेषशय्या यांचे वर्णन आहे, पण सगळा रोख शेवटी त्या सेवेवरच येतो.

जैनांच्या सिद्धशिलेशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. दोन्हीकडे स्वर्ग हे अंतिम ठिकाण नव्हे. स्वर्गातल्या देवांनाही पुण्य सरल्यावर उतरावे लागते. दोन्हीकडे प्रत्येक मुक्त जीव वेगळा राहतो, आणि परत कोणीच येत नाही. येथवर साम्य आहे. पण सिद्ध कोणाची सेवा करीत नाहीत, कोणाकडून कृपा घेत नाहीत, कोणाला देतही नाहीत. जीव स्वतःच्या तपाने वर गेलेला असतो. रामानुजांचा जीव हात धरून नेला जातो. ह्या दोन मतांचे लोक पुढे एकाच प्रदेशात समोरासमोर आले, आणि तेही आचार्यांच्याच आयुष्यात.

निमित्त दुःखद होते. एका कट्टर शैव चोळ राजाने, संप्रदायाचे ग्रंथ त्याला कृमिकंठ म्हणतात, शिवाहून श्रेष्ठ कोणी नाही असे लिहून देण्यासाठी आचार्यांना दरबारात बोलाविले. आचार्यांची भगवी वस्त्रे अंगावर घालून कुरेश त्यांच्या जागी गेला. वृद्ध महापूर्णही सोबत गेले. दोघांचे डोळे गेले. महापूर्णांनी वाटेतच प्राण सोडला. आचार्य पांढऱ्या वेषात पश्चिमेकडे निघून गेले ते होयसळांच्या राज्यात.

तेथे बिट्टिदेव राज्य करीत होता. जैन परंपरेत वाढलेला हा राजा वैष्णव झाला व विष्णुवर्धन हे नाव त्याने धारण केले, असे परंपरा सांगते. बेलूरचे चेन्नकेशव मंदिर त्यानेच १११७ मध्ये उभारले. परंतु ह्याच ठिकाणी काही सांप्रदायिक कथांना अतिरेकाचे वेड लागले आहे. हरलेल्या जैन पंडितांना घाण्यात घालून पिळले, असे अभिमानाने सांगणाऱ्या कथाही आहेत. शिलालेख त्यांना साक्ष देत नाहीत. विष्णुवर्धनाची राणी शांतलादेवी अखेरपर्यंत जैनच राहिली. तिने ११२३ मध्ये श्रवणबेळगोळ येथे बसदी बांधली. ती ११३१ मध्ये वारली, आणि तिच्या आईने त्या दुःखानंतर बेळगोळ येथे सल्लेखना घेऊन देह ठेविला. राजाचा सेनापती गंगराज जैन होता. गंगराजाच्या मुलाने हळेबीड येथे ११३३ मध्ये पार्श्वनाथाची बसदी उभारली, तेव्हा राजाने तेथील गंधोदक आदराने स्वीकारले आणि आपल्या विजयाची आठवण म्हणून त्या देवाला विजयपार्श्व हे नाव दिले. घाण्याची कथा रचणाऱ्यांनी आपल्या आचार्यांचा गौरव केला असे त्यांना वाटले असेल. इतरांसाठी नरक पत्करणाऱ्या पुरुषाला ती शोभत नाही.

होयसळ राज्यात आचार्यांचे वास्तव्य मुख्यतः मेलकोटे येथे झाले. तेथे बारा वर्षे गेली असे परंपरा सांगते. श्रवणबेळगोळ तेथून सरळ रेषेत तीस किलोमीटरांच्या आतच आहे. एका डोंगरावर वैकुंठनाथाचा उत्सव चाले, तर दुसऱ्यावर सुमारे ९८१ साली कोरलेला बाहुबली अंगावर वेली चढू देऊन उभा होता, आणि समोरच्या चंद्रगिरीवर व्रतस्थ स्त्रीपुरुष अन्नपाणी सोडून देहातून मोकळे होत होते. मेलकोटे येथील तिरुनारायणाची उत्सवमूर्ती आचार्यांनी दिल्लीच्या मुसलमान बादशहाकडून परत आणली ही कथा प्रसिद्ध आहे, पण दिल्लीची सुलतानशाही १२०६ ची. कालाचा मेळ बसत नाही. मात्र ह्या कथेतील एक धागा इतिहासात टिकून राहिला. मूर्ती आणताना ज्या अस्पृश्य मानलेल्या लोकांनी साहाय्य केले, त्यांना आचार्यांनी तिरुक्कुलत्तार, म्हणजे पवित्र कुळातले, हे नाव दिले, आणि वर्षातून ठरलेल्या तीन दिवशी त्यांना मंदिरात प्रवेश मिळू लागला. तीनशे पासष्टांत तीन दिवस! आज हा हिशेब तोकडा वाटेल. पण विसाव्या शतकातील मंदिरप्रवेशाच्या कायद्यांपूर्वी इतरत्र किती देवळांत तीन दिवस तरी होते, हेही पाहावे.

चोळ राजा मेल्यावर आचार्य श्रीरंगमला परतले. आंधळा कुरेश भेटीला आला. कांचीच्या वरदराजाकडे डोळे मागून घे, अशी आचार्यांनी त्याला आज्ञा केली. कुरेश देवासमोर उभा राहिला आणि त्याने भलतेच मागितले. ज्या नालूरान नावाच्या माणसाने राजाला चिथावून हा घात घडविला होता, त्याला आपल्यासारखीच गती मिळावी, असे त्याचे मागणे होते. देवाने ते मान्य केले. गोपुरावर सुरू झालेले सूत्र शिष्याने येथे गुरूच्याही पुढे नेले असे मला वाटते. अनोळखी जमावासाठी वैकुंठ मागणे थोर आहे; पण ज्याने आपले डोळे घेतले त्याच्याबरोबर अनंतकाळ एकाच परमपदी राहण्याची तयारी ठेवणे ह्याला काय म्हणावे?

पुढे कुरेशाने रंगनाथाकडे स्वतःसाठी मोक्ष मागून घेतला. ते वर्तमान कळताच आचार्यांनी आनंदाने अंगावरचे भगवे वस्त्र आकाशाकडे उडविले. कुरेशाच्या नात्याने आता आपल्यालाही परमपद निश्चित झाले, ही त्यांची भावना होती. ज्या पुरुषाने हजारोंना परमपदाची ग्वाही दिली, त्याला स्वतःविषयी ती शिष्याच्या आधाराने वाटावी, हा त्या संप्रदायातील विनयाचा कळस आहे. नंतर काही दिवसांनी कुरेश गेला. वृद्ध आचार्य मागे राहिले. कुरेशाच्या मुलांची नावे त्यांनीच पराशर व व्यास अशी ठेविली होती, आणि नम्माळवारांच्या वाणीवरील टीका आपल्या एका शिष्याकडून लिहवून घेतली होती. यामुनाचार्यांची तिन्ही बोटे उघडलेली राहिली.

परंपरेने दिलेल्या तिथीप्रमाणे ११३७ मध्ये, माघ शुद्ध दशमीस, आचार्यांनी देह ठेविला. मस्तक गोविंदाच्या मांडीवर होते, पाय आंध्रपूर्णाच्या मांडीवर, आणि दृष्टीसमोर गुरू महापूर्णांच्या पादुका. त्यांना श्रीरंगमच्या मंदिराच्या आवारातच समाधी देण्यात आली. आळंदीला जाणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही, पण देवालयाच्या प्राकारात मानवी देहाला जागा मिळणे ही दक्षिणेत अपवादात्मक गोष्ट आहे. पद्मासनात बसलेले तेथील रूप हे आचार्यांचे मूळ शरीरच होय, अशी भक्तांची श्रद्धा आहे. त्याला केशर-कापराचा लेप देतात.

वैकुंठ एकादशीला श्रीरंगम येथे परमपदवासल हे दार उघडते आणि रंगनाथाची स्वारी त्यातून बाहेर पडते. त्यानंतर दहाव्या दिवशी नम्माळवारांचा मोक्ष साजरा होतो. आळवारांची मूर्ती देवाच्या चरणांवर ठेवून तुळशीने झाकून टाकतात. थोड्या वेळाने पुजारी देवाला विनवितात की, जगातल्या लोकांसाठी आळवारांना परत द्यावे. आणि तुळस बाजूला करून मूर्ती परत दिली जाते. जेथून कोणी परतत नाही असे सर्व शास्त्रे सांगतात, तेथून वर्षातून एकदा हे एक माणूस मागून आणले जाते.

संप्रदायाची एकशेआठ दिव्यस्थळे प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी एकशेसहा ह्या भूमीवर आहेत. क्षीरसागर आणि परमपद ही उरलेली दोन देह असताना पाहता येत नाहीत. हैदराबादजवळ मुचिंतल येथे ५ फेब्रुवारी २०२२ रोजी आचार्यांची दोनशेसोळा फुटी पंचधातूची मूर्ती लोकार्पण झाली, तिच्याभोवती ह्या एकशेआठही स्थळांची छोटी देवळे उभारलेली आहेत. आपल्या हैदराबादकर मंडळींपैकी अनेकांनी ती पाहिली असतील.

आचार्यांनंतर सव्वादोनशे वर्षांनी त्यांच्या नावाने चालणाऱ्यांत आणि जैनांत तेढ वाढली. जैनांनी विजयनगरच्या बुक्करायाकडे गाऱ्हाणे नेले. १३६८ साली त्याने श्रीरंगम, तिरुमलै, कांची आणि मेलकोटे येथील आचार्यांसह सर्व श्रीवैष्णवांना एकत्र बोलाविले, जैनांचा हात धरून त्यांच्या हातात दिला, आणि वैष्णव दर्शनात व जैन दर्शनात भेद मानू नये असा निवाडा केला. ज्यांच्या हाती जैनांचा हात देण्यात आला, त्या समुदायांच्या यादीत तिरुकुळाचेही नाव आहे. हा निवाडा श्रवणबेळगोळ येथे शिळेवर कोरलेला आहे, आणि त्याचा प्रारंभ रामानुजांच्या स्तुतीने होतो. त्यात ठरले ते असे: जैनांनी दर घरामागे वर्षाला एक हण द्यावा, तिरुमलैच्या तातय्याने त्यातून बेळगोळच्या देवाच्या रक्षणासाठी वीस माणसे नेमावीत, आणि उरलेल्या पैशातून मोडकळीस आलेल्या जिनालयांची दुरुस्ती करून त्यांना चुना लावावा.